एकसष्टावं नाव

बुलढाण्यात भाड्याचं घर बघायला गेलं की घरमालक आधी नोकरी विचारतो, मग मूळ गाव, आणि निघताना अगदी सहज म्हणून आडनाव. आम्ही लागोपाठ चार रविवार ही परीक्षा दिली. नवऱ्याची लोणारहून बुलढाण्याला बदली झाली होती आणि सासूबाई, आठ वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं असं बिऱ्हाड हलवायचं होतं. हलवायचं होतं म्हणजे माझ्याशिवाय. माझी शाळा सुलतानपूरजवळच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. शिक्षक तिघं, मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे. माझी बदली ऑनलाइन फेऱ्यांत अडकली होती. तोवर मी सोमवार ते शनिवार सुलतानपूरला एक खोली घेऊन एकटी राहणार आणि शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीने मेहकर, चिखली करत बुलढाणा गाठणार, असं ठरलं.

घर निवडताना नवऱ्याला फक्त ऑफिसचं अंतर दिसत होतं. मी विचारायची, नळ किती दिवसांनी येतो, शाळेची बस फाटकापर्यंत येते का, गल्लीत हिच्या वयाच्या मुली आहेत का. शेवटी चिखली रोडची एक कॉलनी पक्की केली. मागे सोयाबीनचं शेत, पुढे एकसारख्या घरांच्या दोन ओळी. "सगळे नोकरीवालेच आहेत इथं," घरमालकाने पहिली सोय हीच सांगितली. गल्लीतल्या सगळ्या मुली एकाच इंग्लिश शाळेच्या बसमध्ये चढायच्या. माझी तेवढी एकटी दुसरीकडे चालत गेली असती, आणि ते माझ्याच्याने बघवलं नसतं.

आता खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. पंधरा वर्षं मी दर उन्हाळ्यात दारोदार फिरून लोकांना सांगत आले की पोरं आमच्या शाळेत घाला, काय कमी आहे आमच्याकडे. ते मी मनापासून सांगायची. माझी मुलगीही माझ्याच शाळेत दुसरी पास झाली होती, म्हणून माझ्या बोलण्याला वजन होतं. आणि तीच मी इंग्लिश शाळेच्या ऑफिसात, टाय बांधलेल्या मुलांच्या फोटोंखाली बसून फॉर्म भरत होते. लाज वाटली म्हणून पेन थांबलं नाही, एवढंच.

फॉर्मसोबत जुन्या शाळेचा दाखला मागितला. दाखला देणारी मीच, म्हणून मी हसून म्हटलं, सोमवारी आणते. सोमवारी शाळेत कपाटातून दाखल्याचं बुक काढलं, पट बघितला आणि तिथेच बसून राहिले. पटावर एकसष्ट मुलं होती. साठच्या वर पट असला तरच आमच्याकडे तिसरा शिक्षक राहतो. माझी मुलगी गेली की साठ. मग तिघांतला सगळ्यात नंतर रुजू झालेला शिक्षक अतिरिक्त ठरणार आणि जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे जाणार.

सगळ्यात नंतर रुजू झालेले म्हणजे आमचे सर. बाजूच्याच गावचे. त्यांचे वडील लकव्याने अंथरुणाला खिळलेले, आणि सर रोज सकाळी त्यांना पुसून, कूस बदलून शाळेत यायचे, सुटल्यावर पुन्हा तेच. माझ्या हातातलं बुक त्यांनी बघितलं. "मॅडम, तुमची पोरगी हाय. मी काय सांगू तुमाले," ते म्हणाले. थोड्या वेळाने खडू मोडत म्हणाले, "जागा तं घाटाखालीच रिकाम्या हायेत म्हणते." घाटाखाली म्हणजे पार संग्रामपूरकडे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मला त्यांचा रागच आला.

यावर आमच्याकडे एक वाट आहे आणि ती सगळ्यांना पाठ आहे. पट सप्टेंबरअखेर मोजला जातो. तोवर मूल नव्या शाळेत नुसतं बसवायचं, नाव जुन्या शाळेत ठेवायचं आणि मोजणी झाली की दाखला काढायचा. "अख्खा जिल्हा हेच करून राह्यला," नवरा म्हणाला, "तुले काऊन येवढा घोर?" इंग्लिश शाळेच्या मुख्याध्यापिकाही तयार झाल्या. फक्त म्हणाल्या, दाखला येईपर्यंत हजेरीवर नाव घेता येणार नाही, एक मूल सरकारच्या ऑनलाइन नोंदीत एकाच शाळेत दिसतं. मी म्हटलं, चालेल. तीन महिन्यांचाच प्रश्न होता.

तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र बसायची. जून संपता संपता हजेरी घेताना मी मुलीचं नाव उच्चारलं. पुढच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, ते तं बुलढाण्याले गेली." मी म्हटलं, येईल, बस खाली. आणि हजर मांडली. खिचडीच्या नोंदीतही तिचं ताट धरलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्याभराने मुलं टोकेनाशी झाली. तिचं नाव आलं की सगळी पाटीत, वहीत डोकं घालायची आणि मी पुढचं नाव घेईपर्यंत वर बघायची नाहीत. मला वाटलं होतं, टोकणं थांबलं की बरं वाटेल. तसं झालं नाही. वर्गात पाय टाकणं नकोसं झालं, आणि पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिकडे शनिवारी गेले की मुलगी आठवड्याचा हिशोब द्यायची. नवी वही, नव्या मैत्रिणी, बसमध्ये कुणाजवळ बसली. मग एकदा, मी भाकरी थापत असताना, ती ओट्याला टेकून म्हणाली, "आई, त्या मॅडम सगळ्यांचं नाव घेतात. माझं घेत नाहीत. मी तरी हळूच 'येस मॅडम' म्हणते." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "दाखला देऊन टाक बाई. लेकरू हाय ते," एवढंच म्हणाल्या. ऑगस्टमध्ये चाचणी झाली. तिलाही पेपर दिला, पण यादीत नाव नाही म्हणून तपासलाच नाही. तिने तो एकही लाल खूण नसलेला पेपर माझ्यासाठी दप्तरात जपून ठेवला होता.

त्या रविवारी मी ठरवलं, बस्स झालं. सोमवारी दाखला लिहायचाच. सोमवारी सर उशिरा आले, डोळे सुजलेले. वडिलांना रविवारभर धाप लागली होती. मी बुक उघडलंसुद्धा नाही. आपण फार मोठं मन दाखवतोय असं वगैरे मला मुळीच वाटलं नाही. दोन्हीकडून दार लावलेल्या खोलीत आपणच जाऊन बसलो आणि कड्याही आपणच घातल्या, असं वाटत होतं. कुणाला बोलावं तर कुणाला?

सप्टेंबर संपताना, आमच्या भागातल्या शाळा तपासणाऱ्या केंद्रप्रमुखांचा निरोप आला की पट कागदावर बघणार नाही, डोकी मोजणार. आदल्या दिवशी मी मुलीला एसटीने घेऊन आले. ती वाटभर बडबडत होती, खूश होती. सकाळी तिने आमच्या शाळेचा जुना गणवेश घातला. तो खांद्यात घट्ट झाला होता. बूट मात्र नव्या शाळेचे, काळे, चकचकीत. जुनी चप्पल बुलढाण्याला राहिली होती आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

केंद्रप्रमुख वर्गात उभे राहिले आणि मी नावं घेतली. तिचं नाव आलं. "हजर मॅडम," ती एवढ्या जोरात म्हणाली की दोघं-तिघं हसले. केंद्रप्रमुखांची नजर तिच्या पायांवर गेली. सगळा वर्ग अनवाणी किंवा चपलांत होता. "बूट भारी हायेत तुझे," ते म्हणाले. "रोज येते का वं शाळेत?"

 मी तिला काहीच शिकवून ठेवलं नव्हतं. तेवढं तरी मी केलं नव्हतं, हाच माझा आधार होता. दारात सर उभे होते. मुलीने माझ्याकडे बघितलंही नाही. "हो सर," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात ताप होता, तेव्हा चार दिवस नव्हते आले. आईने कपाळावर पट्ट्या ठेवल्या."

ताप तिला आलाच नव्हता. केंद्रप्रमुखांनी हजेरीची मागची पानं न उलटताच मान हलवली आणि एकसष्टवर सही केली. ते गेल्यावर सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुपारी मी दुसऱ्या दिवशीची तारीख घालून दाखला लिहिला. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली.

चारच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. तिने दाखला हातात घेऊन सगळा वाचला, अडेल तिथे मला विचारत. मग घडी घालून परत दिला. "बरोबर बोलले ना मी आज?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.

"आता तिथल्या वर्गाच्या मॅडमनी विचारलं, इतके दिवस दाखला का नाही आणला, तर काय सांगायचं? आत्ताच सांग. म्हणजे मी पाठ करते."

चिखली येईपर्यंत मी दाखल्याची घडी उघडत, घालत राहिले. मग सांगितलं, आणि तिने ते मला दोनदा न चुकता म्हणून दाखवलं.