मसुद्याला शेणव्याचा कौल

कायद्याच्या मसुद्यावर सूचना मागवल्या की सूचना येतात चार आणि किस्से पोतंभर! देशाचा सायबर गुन्ह्यांचा कायदा जगाच्या नियमांशी जुळवायचा होता. त्याचा मसुदा गावोगाव समजावून लोकांचं म्हणणं वर कळवायचं काम आम्हा शहापूरच्या दोघा वकिलांकडे आलं. मी आणि विशेसाहेब. साहेब तेव्हापासून जे तरंगायला लागले, ते अजून खाली आलेले नाहीत!

*

मुरबाडकडच्या एका पाड्यावर साहेब सांगत होते, "परदेशी पोलिसांसाठी चोवीस तास फोन उचलणारा माणूस नेमायचाय."

एक म्हातारेबुवा म्हणाले, "मंग त्याला त्या आंब्याखाली बसवा. रेंज तितंच येते!"

साहेबांनी ते मनापासून लिहून घेतलं.

*

साहेबांना दुपारच्या डुलकीत कलमं बरळायची सवय. त्यांच्या बायकोनं एकदा मला चहा देता देता सांगितलं, "रोज झोपेत आरोपीला परदेशातून आणतात. मला नाशिकला न्यायचं काय जमत नाय!"

*

आणि शेणवा गाव. भातकापणी उरकलेली, देवळापुढं पिवळं ऊन, सगळेच पेंगुळलेले. साहेबांनी वाचलं, "दुसऱ्याच्या फोनमध्ये संमतीशिवाय शिरणं हा गुन्हा."

मागून यमुनाबाई उठल्या. नवरा वारून वर्ष झालेलं. "आमच्या यांचा फोन मी रोज सांजचा उघडते. त्यात यांचा आवाज हाय, तो आयकते. मंग आता बंद करू का?"

कुणी हसलं नाही.

"बाई, तुम्हाला कोण पकडतंय!" मी म्हटलं.

"तसं नाय वकीलसाहेब. यांना मी कदी इचारलंच नाय. इचाराया पायजे."

आणि त्यांनी गुरवाला कौल लावायला सांगितला. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही दोन वकील मांडीवर मसुदा घेऊन वाट बघत बसलो! बाईंनी फोन पदरात घट्ट धरलेला. वारा नाही, आवाज नाही. डावं फूल जरासं घसरलं. अरे देवा! साहेबांनी डोळेच मिटले. आणि उजवं टपकन खाली!

बाईंनी तिथंच फोन उघडला. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेतला गलका, घुंगरं, आणि एक दमलेला, खुशीतला आवाज:

"बैल घेतला गो. निघालोच. दाराला कडी नको लावू."