डाव्या कुशीवर

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळी संपवून वॉर्डमध्ये सकाळच्या मुलींना हँडओव्हर देत होते. मी शिफ्टला असताना तो कधी फोन करत नाही, म्हणून कॉरिडॉरमध्ये येऊन उचलला. "आई गेली," तो म्हणाला. "चहा घेऊन गेलो, तर... उठलीच नाही. झोपेतच गेली असेल." त्यावर मी जे विचारलं ते सुनेनं अशा वेळी विचारावं असं नव्हतं. मी विचारलं, "झोपली कशी आहे? उशा किती आहेत डोक्याखाली?" त्यानं वाकून पाहिलं असावं. मग म्हणाला, "एकच आहे. शांत वाटतेय गं." मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. दुःख नंतर आलं, भरपूर आलं. पण त्या क्षणी छातीवरचं कुणीतरी काहीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं. आज सात-आठ आठवड्यांनी हे लिहितानाही ते तसंच वाटतंय, आणि त्याची लाज वाटत नाही. आई असत्या तर त्यांना ते सगळ्यात आधी कळलं असतं.

विमलआई माझ्या सासूबाई. नागपूरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या, कानाला हेडफोन लावून आयुष्य काढलं. माझे सासरे गेल्यानंतर त्या आमच्याकडे ब्रिस्बेनला आल्या, स्प्रिंगफील्ड लेक्सच्या घरात, आणि आमची मुलगी मैत्री चार वर्षांची असताना मी नर्सिंगला अ‍ॅडमिशन घेतली ती त्यांच्याच जिवावर. "तू जा न कॉलेजला, काहून घाबरतेस? पोरगी माझ्याकडे आहे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. सकाळी मी युनिला निघायची तेव्हा त्या मैत्रीला घेऊन तळ्याकाठी फिरायला जायच्या. अर्ध्या वाटेवर एक बाक आहे, तिथे बसायच्या. मैत्री सांगायची, "आजी लाइक्स द डक्स." आम्हांलाही ते खरंच वाटायचं.

पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय मला जड गेले. नावं पाठ व्हायची, पण रक्त कुठून कुठे जातं आणि वाटेत अडलं तर मागे काय होतं, हे डोळ्यांसमोर येत नसे. आमच्या क्लिनिकल स्किल्सच्या ट्यूटर हेलन म्हणून होत्या, वर्षानुवर्षं वॉर्डात काम करून शिकवायला आलेल्या. त्या एकदा म्हणाल्या, हृदयाच्या डाव्या बाजूला अडथळा असेल तर रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, आणि माणूस आडवा झाला की ते जास्तच जाणवतं. म्हणून पेशंटला 'दम लागतो का' असं विचारू नका, माणसं नाही म्हणतात. झोपताना उशा किती घेता, ते विचारा. रात्री खोकल्यानं उठून बसता का, ते विचारा. चालताना कुठे थांबता, ते विचारा... मी लिहून घेत होते आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. आईंच्या पलंगावरच्या चादरी मीच बदलत असे. तीन उशा उचलून बाजूला ठेवायच्या आणि पुन्हा रचायच्या, हे मी कितीदा केलं होतं. त्या पडून वाचतात म्हणून, असं मी धरून चालले होते.

त्या दुपारी घरी येऊन मी विचारलं, तर त्या पोळ्या लाटत होत्या. "अगं, सवय आहे," म्हणाल्या. मग तळ्याकाठच्या बाकाविषयी आणि बदकांविषयी विचारलं. लाटणं तसंच हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मिलिंदला नको सांगू," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली आणि निदान आलं. लहानपणी त्यांना घसा दुखून ताप यायचा, मग गुडघे-घोटे सुजायचे. तो संधिवाताचा ताप. शरीर घशातल्या जंतूंशी लढताना चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं. सांधे बरे होतात, हृदयावरचा व्रण राहतो. आईंच्या हृदयातली डाव्या बाजूची झडप वर्षानुवर्षं जाड होत होत अगदी बारीक उघडत होती. हृदयतज्ज्ञ म्हणाले, मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्यानं ती झडप मोकळी करता येईल, छाती उघडावी लागणार नाही. आई शांतपणे म्हणाल्या, "नको."

त्यानंतरचे दिवस वाईट होते. मिलिंद समजावायचा, चिडायचा, मग दोन-दोन दिवस अबोला. "तुला मरायचंय का?" असं एकदा तो बोलून गेला. आई म्हणाल्या, "माझी आई अशीच गेली. आमच्या घरात असंच जातात. त्याला कशाला हात लावायचा?" त्यांची आई गुदमरून गेली होती, एवढं आम्हांला ठाऊक होतं. त्यापलीकडे त्या काही बोलत नसत. गोळ्या मात्र निमूट घेत होत्या, त्यामुळे पायांची सूज उतरली, तीनच्या दोन उशा झाल्या. पण दोन म्हणजे एक नव्हे.

एकदा वर्गात बोलता बोलता मी आईंच्या झडपेचा उल्लेख केला, तर हेलन थांबल्याच. हा आजार आमच्या इथल्या मुलांना सहसा ऐकायलाच मिळत नाही, म्हणाल्या. शहरांतून तो जवळजवळ गेलाय. नर्सिंगच्या आणि मेडिकलच्या मुलांना ऐकू देतील का तुझ्या सासूबाई? त्यांची इच्छा असेल तरच. मला विचारायलाही धीर होईना. घरात त्या झडपेवरून एवढं चाललेलं, आणि आपण म्हणायचं की ती लोकांना दाखवायला चला. शेवटी भाजी निवडताना भीत भीत विचारलं. आईंनी एकच प्रश्न केला. "ऐकायचंच आहे न फक्त? कापायचं नाही न? मग ऐकू दे. मी आयुष्यभर लोकांचं ऐकलं."

युनिला जायच्या दिवशी त्या निळी इरकल नेसून आल्या. कॉटभोवती पडदा लावून हेलननी त्यांना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, कारण तसं वळलं की हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं आणि तो हलका आवाज कानाला लागतो. एकेक विद्यार्थी येऊन वाकायचा, स्टेथोस्कोप ठेवायचा. दोघा-तिघांना काहीच ऐकू येईना, ती कावरीबावरी झाली. आईंना त्यांची दया आली असावी. आपल्या एक्स्चेंजच्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, "होल्ड ऑन प्लीज. नो हरी." सगळे हसले. मग क्लोई नावाच्या मुलीला ऐकू आलं. तिचा चेहराच बदलला. हेलन म्हणाल्या, आता जे ऐकलंस ते पेशंटला समजेल असं सांग. क्लोईनं दोन तळवे जोडले, मधे बारीकशी फट ठेवली आणि सांगितलं, रक्ताला इथून जायचंय, वाट एवढीच आहे, म्हणून ते घरघरत जातं. उरलेलं मागे फुप्फुसात थांबतं आणि मग तुम्हांला श्वास पुरत नाही. मी ते मराठीत सांगत होते. आई तिच्या तळव्यांकडे बघत होत्या.

"तिला विचार," त्या म्हणाल्या, "अशा बाईला आडवं झोपवलं तर?"

मी विचारलं. क्लोईनं हेलनकडे पाहिलं.

"नाही, सगळं सांग," आई मला म्हणाल्या. "माझी आई बसून होती, दाराला टेकून. तिला श्वास येत नव्हता. आजूबाजूच्या बाया म्हणाल्या, आडवी कर तिला, जरा पडू दे, बरं वाटेल. मी तेरा-चौदा वर्षांची. मी तिला झोपवलं. ती उठायला बघत होती, तर मी खांदे दाबून धरले. मग ती... मग ती थांबली. नंतर त्याच बाया म्हणाल्या, पोरीनं आडवी केली म्हणून गेली."

दुभाष्यानं 'मी' म्हणायचं असतं, असं आम्हांला शिकवलं होतं. तेव्हा त्या सगळ्या मुलांसमोर इंग्रजीत मीच म्हणाले, मी तिला झोपवलं, मी तिचे खांदे धरले. मिलिंदलाही ठाऊक नसलेली ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते आणि त्याच दमात दुसऱ्या भाषेत सांगत होते. हेलन कॉटच्या कडेला बसल्या, आईंचा हात हातात घेतला. त्यांनी खोटा धीर दिला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. त्या म्हणाल्या, आडवं झाल्यानं तिला त्रास नक्कीच वाढला असेल, ते मी नाकारणार नाही. पण त्यानं ती गेली नाही. तिची झडप तुमच्या जन्माआधीपासून बारीक होत असेल. त्या दिवशी फुप्फुसं पाण्यानं भरली होती. बसवून ठेवलं असतं तरी औषध आणि ऑक्सिजनशिवाय ती वाचली नसती, आणि ते दोन्ही तुमच्या घरात नव्हतं. तुम्ही लहान होता, आणि मोठ्यांनी सांगितलं ते केलंत.

मी शब्दन्‌शब्द मराठीत सांगितलं. आईंनी मधे एकदा थांबवून विचारलं, "वाचली नसती, असंच म्हणाल्या न त्या? तू तुझ्या मनाचं नाही न घालत?" मी नाही म्हटलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग पुन्हा डाव्या कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, "अजून कोणाचं ऐकायचं राहिलं का? बोलव."

घरी आल्यावर मिलिंदला समोर बसवून सगळं त्यांनीच सांगितलं, आणि शेवटी, जणू किराण्याचं काहीतरी आणायला सांगतायत अशा आवाजात, "त्या फुग्याचं काय ते विचारून घे," म्हणाल्या. मिलिंद उठून परसात गेला आणि बराच वेळ हिल्स हॉइस्टच्या गोल फिरत्या दोऱ्यांवरचे वाळलेले कपडे काढत राहिला.

फुग्याचं काम झालं. मिलिंद बाहेर खुर्चीत बसून होता, मी येरझारा घालत होते, कारण त्या नळीच्या वाटेवर काय काय बिघडू शकतं ते मी नुकतंच शिकले होते. डॉक्टर बाहेर आले, अंगठा वर केला आणि म्हणाले, "ऑल गुड." दुसऱ्या सकाळी मी वॉर्डात गेले तर आई सपाट झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून, चक्क घोरत. शेजारच्या कॉटवरची म्हातारी तक्रारीच्या सुरात म्हणाली, "शी स्नोअर्ड ऑल नाइट, लव्ह." मी तिला सॉरी म्हटलं. इतक्या आनंदानं मी कधी कुणाला सॉरी म्हटलं नसेल.

पुढची वर्षं त्यांनी मजेत काढली. तळ्याची पूर्ण फेरी मारायच्या आणि बाक आला की मुद्दाम त्याच्याकडे न बघता पुढे जायच्या. युनिला जाणं सोडलं नाही. हेलन म्हणायच्या, आता आवाज पुसट झालाय, त्यामुळे परीक्षा अवघड झाली. आई म्हणायच्या, "होऊ दे, अभ्यास करतील." नागपूरला व्हिडिओ कॉल लागला की आधी पोरांच्या घशाची चौकशी. कुणाचं पोर ताप आणि सांधेदुखी घेऊन बसलंय असं कळलं की भाच्या-पुतण्यांना दटावायच्या, "घरचे उपाय नको करत बसू. डॉक्टरकडे ने, आणि दिलेलं औषध पूर्ण दे." मैत्रीचा घसा जरा धरला तरी आम्ही येणार हे आमचा जीपी धरूनच चालायचा. पुढे त्यांचा ठोका अनियमित झाला, रक्त पातळ करायची गोळी लागली, चालणं मंदावलं. वय झालंच होतं. पण दम पुन्हा तसा कधी लागला नाही. ठोका बिघडून हृदय झोपेतच थांबलं असावं, असं त्या सकाळी घरी आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना कळलंही नसेल, म्हणाले. मी पोचले तेव्हा त्यांची मूठ सैल उघडी होती. गुदमरलेल्या माणसाचे हात कसे असतात ते मी कामावर पाहिलंय.

कम्युनिटी हॉलमध्ये आम्ही वंदना घेतली. त्रिसरण-पंचशील झालं, मित्रमंडळींनी एकेक आठवण सांगितली. हेलन मागच्या रांगेत उभ्या होत्या, आता निवृत्त झाल्यात. जाताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, माझ्या कितीतरी मुलांनी पहिली झडप हिचीच ऐकली. मग मिलिंदशी हात मिळवला.

गेल्या रविवारी दुपारी तो आईंच्या खोलीत साड्यांच्या घड्या लावायला म्हणून गेला. बराच वेळ काही हालचाल नाही, म्हणून मी डोकावले. तो आईंच्या पलंगावर आडवा पडून गाढ झोपला होता, पायांतले बूटही तसेच. आईंच्या झडपेचं कळल्यापासून हा माणूस कधी सलग झोपला नव्हता. जरा खोकल्याचा आवाज आला की उठायचा, त्यांच्या खोलीबाहेर अंधारात उभा राहायचा, श्वास ऐकायचा आणि परत यायचा. ऑपरेशननंतरही त्यानं ते सोडलं नव्हतं. मला वाटायचं सोडलं असेल, पण बाजूची जागा गार लागायची... खोलीचं दार कुणी लावायचं नाही, हा त्याचाच नियम होता.

मैत्री नेटबॉलच्या कपड्यांत मागे येऊन उभी राहिली. "शुड वी वेक डॅड? गेम इज अ‍ॅट थ्री."

"नको," मी हळूच म्हटलं. "मी नेते तुला."

आणि त्या खोलीचं दार, घरातला आवाज आत जाऊ नये म्हणून, मी पहिल्यांदा पूर्ण लावून घेतलं.