चिमट्याला टांगलेला खलनायक

राजवाड्यामागच्या फुटपाथवर एक पोस्टरवाला जपानी ॲनिमेची पोस्टरं विकायचा. हिरो खाली पसरलेले, खलनायक मात्र वर दोरीला चिमट्यांनी टांगलेले. त्यातलाच एक, बांध फोडून अख्खं शहर बुडवणारा, माझ्या मुलीने पलंगाशी लावला. आधीच महिनाभर ती आमच्याशी धड बोलत नव्हती. मी पोस्टर उतरवलं आणि तडक परत करायला गेलो.

"असल्या हैवानाला पोरी घरात का लावतात?"

त्याने आधी पोस्टरचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला.

"गलत तर केलंच त्याने, भिया. पण बांधाला तडा गेलाय, हे तो लहानपणी घरोघर सांगत फिरला होता. कोणी नाही ऐकलं. बहीण वाहून गेली, तरी नाही."

मग चिमट्यांकडे बघत म्हणाला, "हिरो घ्यायला पोरं टोळीने येतात. याला न्यायला एकेकटी येतात."

मी पोस्टर परत आणून होतं तिथेच चिकटवलं. मुलगी दारात उभी होती.

"याची गोष्ट सांगशील?" मी विचारलं.



"आता आहे वेळ तुम्हाला, बाबा?"