अमावस्येला बसणारा सदा

सदा गेल्याचं मला त्याच्या आक्काच्या फोनवरून कळलं. कॅम्पातल्या दवाखान्यातून ती नुसती "दिनू, सदा गेला रं…" एवढंच म्हणाली. मी चपला घालतोय तोवर कंपनीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडायला लागली, आणि त्यांच्या खालोखाल साहेबांचा प्रश्न: दुपारची पाळी कोण घेणार? मीही त्याच कंपनीचं काम टिळकवाडीतल्या घरून करतो. त्या क्षणी हातातल्या फोनचीच शिसारी आली.

आमची कंपनी छोट्या दुकानदारांना स्वतःची वेबसाइट बनवायचं साधन देते. कुठं अडलं की ते चॅटवर विचारतात आणि आम्ही घरी बसून उत्तरं देतो. सदा वडगावात, घरच्या विणकामाच्या मागांच्या खोलीतच टेबल टाकून बसायचा. शेजारी मागांचा खडखडाट, त्यामुळं फोनवर बोलणं अशक्य. पण चॅटवर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. निपाणीचा एखादा भांडीवाला चिडून "तुमचं सगळं बोगस" असं लिहायचा, तर हा आधी विचारायचा, "अण्णा, जेवलासा काय? जेवून या, मग दोघं मिळून बघू." माणूस परत यायचा तो निवळूनच. मी हसलो की म्हणायचा, "उपाशी मानसाला बटन दिसत न्हाय रं."

तो गेल्यावर काही आठवड्यांतच कंपनीनं आपोआप उत्तरं देणारा मदतनीस आणला. सदाची इतक्या वर्षांची उत्तरं त्याच्याकडून घोटवून घेतली होती आणि वर नाव ठेवलं होतं, 'सदा'. श्रद्धांजली म्हणे! मेलेल्या माणसाला कामाला जुंपायचं आणि वर त्यालाच फुलं वाहिल्याचा आव आणायचा… इतका ओंगळपणा मी पाहिला नव्हता. मी भांडलो. साहेब गोड आवाजात म्हणाले, "घरच्यांची हरकत असेल तर नाव काढू की."

घरचं माणूस म्हणजे आक्का, सदाची मोठी बहीण. आईवडिलांमागं तिनंच त्याला वाढवलं. मी वडगावला गेलो, तर ती सदाच्याच लॅपटॉपवर त्या मदतनिसाशी बोलत बसलेली. "जेवलासा काय, म्हनतोय बघ. राहू दे रं दिनू. तेवढाच उरलाय." कंपनीची किळस आली, आणि त्या आयत्या मायेची त्याहून जास्त. पण तिला काय सांगणार? चहा पिऊन उठलो.

परवा अमावस्या होती. त्या दिवशी त्यांच्या घरचे माग बंद असतात. सदाही लॅपटॉपला हळदकुंकू लावून मिटून ठेवायचा. साहेबांनी कितीही दटावलं तरी हा ढिम्म. मी पोचलो तेव्हा आक्का मागांची पूजा आटपून टेबलापाशी आली होती. झाकण मिटण्याआधी तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं, "सदा, आज अमावस्या हाय."

लगेच उत्तर आलं, "व्हय आक्का! बोला की, काय काम काढलासा? मी हायच."

आक्कानं ते बोट ठेवून वाचलं. "अमावस्येला आमचा सदा कामाला बसंल व्हय?"

मी पुढं होऊन ते उत्तर वाचलं.

"सायबाला सांग," ती म्हणाली, "माझ्या भावाचं नाव काढ म्हनावं." मग लॅपटॉप मिटला आणि सदा लावायचा तसं झाकणाला कुंकू लावलं.