पाणी प्यायचं की नाही

पुण्याच्या संपादकांनी माझं पहिलं प्रकरण तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा मी जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. फोन खांद्याशी धरून ऐकत राहिले. "मॅडम, बारा पानं वाचली. अजून कुणाला तहान लागलेली नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, हे विहिरींच्या आणि हातपंपांच्या पाण्यावरचं पुस्तक आहे, जमिनीखालचे खडक समजल्याशिवाय वाचक पुढे जाणार कसा? "त्याला पुढे जावंसंच वाटत नाहीये," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या त्या शांतपणाचाच मला जास्त राग येतो.

राग यायला मला तशीही फारशी कारणं लागत नाहीत. इतकी वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, जयपूरच्या आसपासच्या गावांतलं पाणी बाटल्यांत भरून आणलं, तपासलं, त्यातल्या फ्लोराइडवर शोधनिबंध लिहिले. ते वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी फक्त चुका काढायला वाचतात. म्हणून ठरवलं, निवृत्तीच्या आत एक पुस्तक आपल्या भाषेत, साध्या माणसांसाठी लिहायचं. माझ्या माहेरी, यवतमाळकडेही कितीतरी गावं असलंच पाणी पितात. दिसायला स्वच्छ, चवीला बरं, आणि आतून दात डागाळणारं नि हाडं जखडणारं. आपण काय पितोय हे त्यांना वेळेत कळावं, एवढंच मला हवं होतं.

हेतू चांगला असला की लिहिता येतं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात लिहायला बसले की मानगुटीवर एक परीक्षक येऊन बसतो. 'हे पाणी वाईट आहे' असं लिहावं, तर तो विचारतो, कुठल्या ऋतूत? नमुने किती? मग मी ते खोडते आणि 'काही परिस्थितींत ते अपायकारक ठरण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं लिहिते. लिहून झालं की जिवाला बरं वाटतं. तळटिपा तर मी ताटात चटण्या वाढाव्यात तशा वाढते, खाणाऱ्याला भाकरी मिळाली की नाही ते न बघता.

शेवटी मुलीला बसवलं. ती जयपुरातच वाढली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मराठी बोलते ती हिंदीच्या चालीवर आणि वाचते ती अडखळत. म्हटलं, मोठ्यानं वाच, कुठे अडतेस ते बघू. पहिल्याच परिच्छेदात ती चार वेळा थांबली. "आई, मतलब?" मी समजावलं. पुढच्या ओळीला पुन्हा, "मतलब?" माझा पारा चढला. म्हटलं, लहानपणी चार मराठी पुस्तकं वाचली असतीस तर आज हे विचारावं लागलं नसतं.

तिनं कागद खाली ठेवले. "शब्द कळले मला. तू काय सांगतेयस ते नाही कळलं. मतलब, ते पाणी प्यायचं की नाही?"

"ते इतकं सोपं नसतं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच ओशाळले. हाच प्रश्न मला पाच वर्षांपूर्वी एका बाईनं विचारला होता, आणि तिलाही मी साधारण हेच ऐकवलं होतं.

कानोत्याच्या बंधाऱ्यावर लोक सहलीला जातात, त्याच्या पलीकडचं एक लहानसं गाव. नमुने घ्यायची माझी दुसरी फेरी होती, पहिल्या फेरीचे आकडे पिशवीत होते. हातपंपावर ती पाणी भरत होती, कडेवर दीड वर्षाची मुलगी. "मॅडमजी, ये पानी पिएँ कि नहीं? बच्ची को भी यही पिलाते हैं." त्या पंपाचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. मी म्हटलं, "अभी जाँच चल रही है. अभी कुछ कहना ठीक नहीं." हाती एकाच ऋतूचे नमुने, निबंध छापून यायचा होता, घाईनं बोलून बसले आणि आकडे बदलले तर नाव माझंच खराब होणार. शिवाय कुणीतरी सांगेलच की त्यांना, असंही वाटलं. निबंधात तो पंप 'नमुना क्रमांक चौदा' झाला. निबंधाचं कौतुक झालं. मी त्या गावाला पुन्हा गेले नाही.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?" संपादकांनीही हेच विचारलं असतं. खोटं कशाला बोलू, तिथे मी गेले ती पुस्तकासाठी. चांगलं प्रकरण मिळेल, असं वाटलं होतं.

रविवारी मुलीच्या स्कूटरवर मागे बसून गेले. बाईनं ओळखलं. "बोतलवाली मॅडम," म्हणत तिनं आम्हाला अंगणात खाटेवर बसवलं. चुलीवर मोठं पातेलं उकळत होतं. चहाला एवढं पाणी कशाला, असं मी म्हटलं, तर ती हसली. "चाय का नहीं, पीने का है. आपने कहा था जाँच चल रही है. हमने सोचा, तब तक बच्ची को उबालकर ही दें." पाच वर्षं ती रोज सकाळी लाकडं जाळून पाणी उकळत होती. तेवढ्यात तिची मुलगी येऊन तिला बिलगली. समोरचे दात नुकतेच नवे आले होते, त्यांवर तपकिरी पट्टे होते.

मला स्वतःची इतकी चीड आयुष्यात कधी आली नव्हती. फ्लोराइड उकळून जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच उरतं, म्हणजे उलट त्याचं प्रमाण वाढतं. मी तिला हिंदीत एवढंच सांगितलं आणि म्हटलं, हे पाणी मुलीला देऊ नका.

"तो कौन सा दें?"

"स्कूल के पीछे जो पंप है, उसका. वो ठीक है." तो क्रमांक पंधरा होता, त्याच पहिल्या फेरीतला.

तिनं चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं. मग विचारलं, "ये आपको उस दिन पता था?"

ऋतू, नमुने, छपाई, सगळी उत्तरं माझ्या तोंडाशी आली. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती.

"पता था," मी म्हटलं.

बाई उठली. पदरानं धरून तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि कडेच्या मोरीत ओतून दिलं. मग घागर रिकामी केली, आपल्या मुलीचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता शाळेच्या वाटेला लागली.