भाचीचे वरचे दात

माझ्या भाचीला खालच्यांऐवजी वरचे दात आधी आले, ही बातमी मला कारखान्याच्या गेटवर कळली. केळव्याहून बोईसरच्या बाजारात विड्याची पानं विकायला येणाऱ्या बाईबरोबर बहिणीच्या सासूबाईंनी निरोप धाडला होता. "खालचे दात येईपर्यंत पोरीचं तोंड बघू नका, सांगितलंय. तुमच्या जिवाचा प्रश्न हाय," ती बाई म्हणाली आणि पानांची पाटी उचलून निघून गेली. वरचे दात आधी आले की ते मामाला जड, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मामा मी एकटाच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सालवडला खोली घेऊन राहत होतो आणि तारापूरच्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला होतो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि तसं मी चारचौघांत ठणकावून सांगितलंही. शेजारच्या मशीनवरचा म्हणाला, "डरता नहीं तो जाके देख आ." गेलो नाही. उलट त्या महिन्यात प्रेसखालून हात इतका झटकन मागे घ्यायचो की सुपरवायझरने दोनदा विचारलं, मशीनला करंट येतोय का म्हणून.

शेवटी न राहवून एका रविवारी केळव्याला गेलोच. सासूबाईंनी मला ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि चहाही पाठीमागूनच दिला. मान वळवायची परवानगी मिळाली ती भाचीच्या तोंडावर फडकं धरल्यावर. ती फडक्याआड खिदळत होती. फडकं जरा सरकलं की मी, तीस वर्षांचा बाप्या, डोळे घट्ट मिटून घ्यायचो.

"घाबरू नका, मामा," सासूबाई म्हणाल्या. "खालचे दात आमी लवकर आणतो."

आणायची त्यांची रीत अशी: खालच्या हिरड्यांना दिवसातून चारदा मध चोळायचा आणि झोपताना फडक्यात गुळाचा खडा बांधून चोखायला द्यायचा. हे सगळं माझ्यासाठी चाललंय म्हटल्यावर मी कशाला आड येतोय? पुढच्या खेपेला मधाची बाटली मीच घेऊन गेलो.

महिन्याभरात खालचे दोन दात आले. मी खात्यात पेढे वाटले. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या दिवसापासून पोरीच्या तोंडात कुणी डोकावलं नाही. गुळाचं फडकं मात्र राहिलं, कारण त्याशिवाय तिला झोपच येईना. ती चार वर्षांची होईस्तोवर पुढचे वरचे चारही दात काळे पडून झिजले. मी चाचरत विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "दुधाचे दात हायत, पडायचेच. त्यांना काय घासायचं?" मलाही ते पटलं.

मग एकदा तिचा ओठ सुजला, ताप भरला, घास गिळेना. बहीण, सासूबाई आणि मी तिला घेऊन पालघरला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण रोज झोपताना गूळ द्यायला सुरुवात कशासाठी केली?" बहिणीने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारही दात काढायचे ठरले. तिला मांडीवर घेऊन तोंड उघडं धरायचं काम अर्थात मामाकडे आलं. पहिला दात निघाला तशी ती माझं बोट अशी कडकडून चावली की ओरडलो मीच. रक्त तिचं किती आणि माझं किती, काही कळेना. डॉक्टरांनी तिला थोपवून आधी माझ्या बोटाला पट्टी बांधली.

सासूबाईंचा चेहरा मात्र उजळला. "चला," त्या म्हणाल्या, "मामाचं बोटावर निभावलं."

नवे दात येईपर्यंत तीन वर्षं गेली. शाळेतली पोरं तिला बोळकी म्हणून चिडवायची. मी गेलो की ती धावत यायची, पण हसताना तोंडावर हात धरायची. मी तो हात बाजूला करून नीट बघायचो. त्या पहिल्या रविवारी ते फडकं असंच बाजूला केलं असतं, तर तिचे दात राहिले असते.