वायफायची पाळी

अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगला हात लावायला ज्याला कायद्यानं बंदी घालावी असा एकच माणूस या जगात आहे, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. सख्खा नव्हे, मावससासरा, आमचे आबा. पण त्रास सख्ख्याहून वरताण. बारामतीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, हाच माझा गुन्हा. पळसदेवला आबांचं वायफाय रुसलं की शटर ओढून पळायचं मीच.

आबांची सारी नोकरी कालव्याचं पाणी वाटण्यात गेली. निवृत्त झाले तरी वाटायची सवय कुठं जाते! वायफायलाही त्यांनी पाळ्या लावल्या. कुठल्या मोबाईलला किती नेट, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, सगळं राउटरमध्ये भरलेलं. नियम कालव्याचाच, आधी शेवटच्या टोकाच्या शेताला. म्हणून लांब गोठ्यातल्या कॅमेऱ्याला नेट धो धो, आणि राउटरला टेकून बसलेल्या त्यांच्या बायकोचं, म्हणजे मावशींचं, मोबाईलवरचं भजन अडखळतंय. एकदा शेजारची पोरं फुकट नेट घेतात म्हणून यादीबाहेरचे सगळे फोन त्यांनी बंद केले आणि स्वतःचाच फोन यादीत घालायला विसरले. "पाव्हणं, दार लावलं खरं, पर मीच भाईर ऱ्हायलो की!" मी गेलो, टाचणी खुपसून राउटर मूळपदावर आणला, चहा घेतला, परतलो. आठवड्यात पुन्हा फोन. वैताग नुसता!

हे वेड लागलं त्याला कारण त्यांचा मुलगा. बंगळुरूहून आला होता, इथूनच काम करतो म्हणाला. नेट चालेना, तेव्हा दुसऱ्याच दिवशी बॅग भरून निघून गेला. आबा अजून म्हणतात, "नेट असतं तर पोरगं ऱ्हायलं असतं."

परवा मावशींचा फोन आला, रोज संध्याकाळी सात ते नऊ नेट जातंय, तेवढं बघा. गेलो. सेटिंग उघडली. सात ते नऊ एकाच फोनला परवानगी, बाकी घर बंद. नाव मुलाचं. तो फोन दोन वर्षांत या घरात आलेला नाही.

"आबा, हे काढू का?"

"नगं. त्याचं सायबाशी बोलणं त्याच वक्ताला असतंय. अवचित आला आन् पाळी दुसऱ्याची असली, तर पुन्हा जाईल न्हवं?"

खरं तर मी चिडायलाच आलो होतो. जमलं नाही. म्हटलं, "निदान मावशींचा फोन तरी त्यात घालू?"

"घाला. पर तिचं कमी ठिवा. लेकाला कमी पडाया नगं."

मी मावशींचं कमी ठेवलं.